त्वचेचे प्रकार किती, आणि ते ठरवले कोणी? (धागा)

सोलापुरात नवी पेठेतल्या कोणत्याही सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात जा, काउंटरपलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो : "स्किन कुठल्या टाइपची आहे? ड्राय, ऑयली, नॉर्मल की कॉम्बिनेशन?" आपणही त्यांतले एक उत्तर देऊन मोकळे होतो. हे चार कप्पे निसर्गानेच आखून दिले असावेत अशी आपली समजूत असते. वास्तविक त्यांचे वय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचे आहे. त्याआधी आपल्या भागात त्वचा ओळखण्याची एक निराळी रीत होती. तिच्या खुणा सोलापूर जिल्ह्यात आजही दरवर्षी दिसतात, पण त्या देवळांत असल्यामुळे त्यांचा संबंध आपण त्वचेशी जोडत नाही. आजचा धागा या दोन रीतींविषयी आणि त्यांच्यामधल्या बदलाविषयी.

आरंभ ग्रामदैवतापासून करू. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवशरण. त्यांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगे स्थापिली, अशी परंपरा सांगते. त्यांच्याशी विवाह करण्याचा हट्ट एका कुंभारकन्येने धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची तिला अनुमती दिली. गड्ड्याची यात्रा म्हणजे त्या विवाहाचा सोहळा. १४ जानेवारीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्याच्या आदल्या दिवशी नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि लिंगांना तैलाभिषेक होतो. सोलापूरकर त्याला आजही 'यण्णीमज्जन' म्हणतात. कन्नडमध्ये 'एण्णे' म्हणजे तेल, 'मज्जन' म्हणजे स्नान. मराठी माणूस कन्नड शब्दाने तेलस्नान करतो, हे सोलापूरच्या स्वभावाला धरूनच आहे.

विवाहापूर्वी वधूवरांना तेल लागते, म्हणून लिंगांनाही लागते, हे धार्मिक स्पष्टीकरण उघड आहे. या विधीचे मूळ हवामानात आहे असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण तारीख पाहा. मध्य जानेवारी, हवा थंड आणि कोरडी, टाचांना भेगा, ओठ फुटलेले. पंचांगाने तीळ खायला सांगितलेला हाच आठवडा. विधी आणि ऋतू इथे एकाच दिशेने बोलतात.

आता पंढरपूरला चला. चैत्रात गुढीपाडव्याच्या सुमारास विठ्ठल-रुक्मिणीची चंदनउटी पूजा सुरू होते आणि मृग नक्षत्र लागेपर्यंत चालते. उगाळलेल्या चंदनाचा लेप देवाच्या सर्वांगाला लावला जातो. थंडीत त्याच देवाला कानपट्टी बांधतात, उबदार वस्त्रे पांघरतात. आषाढीच्या दिवसांत देवाचे शेजघर बंद असते, तो अहोरात्र दर्शन देत उभा राहतो. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. त्या वेळी पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. एकाच शरीराला उन्हाळ्यात चंदन, पावसाळ्यात ऊन पाणी, हिवाळ्यात ऊब. 'विठ्ठलाची त्वचा कोणत्या प्रकारची?' असे तिथे कोणी विचारत नाही. महिना कोणता, एवढे पाहतात.

हा विचार देवळाबाहेरही होता, आणि तो ग्रंथांत नोंदला गेला आहे. वाग्भटाचे 'अष्टांगहृदय' साधारण सातव्या शतकातले. त्याच्या सूत्रस्थानातल्या बाविसाव्या अध्यायात मुखलेपांचे प्रकरण येते. आजच्या भाषेत फेसपॅक. त्यात सहा ऋतूंसाठी सहा लेप दिले आहेत. हेमंतात बोराच्या बियांचा मगज, लोध्र आणि पांढरी मोहरी. शिशिरात काळे तीळ, दारुहळदीची साल आणि सोललेले जव. ग्रीष्मात कमळाच्या जाती, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. लेपाची जाडी बोटाच्या मापाने सांगितली आहे : पाव, तृतीयांश किंवा अर्धे अंगुळ. सूचनाही मोठ्या व्यवहारी आहेत. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा. वाळला की तो त्वचेला बाधतो, म्हणून काढताना आधी भिजवावा. लेप असताना दिवसा झोपू नये, फार बोलू नये, उन्हात वा विस्तवाजवळ बसू नये, रागावू नये. (चेहऱ्यावर मुलतानी माती थापून भावाशी भांडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

या ग्रंथाचा आपल्या मातीशी संबंध थेट आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याचे नाव आपण 'हेमाडपंती' देवळांमुळे ओळखतो, त्याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ग्रंथ टीकांसह छापला आणि तो वैद्यांच्या घरोघरी गेला.

मग व्यक्तीव्यक्तींतला फरक जुन्या शास्त्राला दिसतच नव्हता का? उत्तम दिसत होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याची परीक्षा कशी करावी हे सांगताना प्रकृतीची लक्षणे दिली आहेत. वातप्रकृतीचे अंग रूक्ष आणि फुटलेले. पित्तप्रकृतीच्या माणसाला तीळ, वांग, पुटकुळ्या फार, सुरकुत्याही लवकर. कफप्रकृतीचे अंग स्निग्ध आणि गुळगुळीत. कोरडी, पुळ्यांची, तेलकट : आजच्या दुकानातले तीन कप्पे इथे ओळखू येतात. मात्र वैद्याची परीक्षा तेवढ्यावर थांबत नाही. तो वय, आहार, सवयी, बळ आणि देश, म्हणजे भूप्रदेश, हेही विचारतो. त्याच ठिकाणी 'त्वक्सार' पुरुषाचे वर्णन येते. ज्याची त्वचा उत्तम तो त्वक्सार. त्याची लक्षणे : त्वचा स्निग्ध, मऊ, नितळ, बारीक आणि विरळ लव असलेली, कांतिमान. या यादीत गोरेपणा नाही.

याहून महत्त्वाची नोंद चरकाच्या इंद्रियस्थानात आहे. शरीराचे स्वाभाविक वर्ण कोणते, तर कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात. म्हणजे काळा, सावळा, उजळ सावळा आणि उजळ. चारही प्रकृत, निरोगी. विकारी वर्ण कोणते, तर निळसर, काळपट-करडा, तांबूस, हिरवट आणि शुक्ल. पांढरेफटक पडणे हे वैद्याच्या लेखी रोगलक्षण होते. यावरून प्राचीन भारतात वर्णाचे कौतुक नव्हतेच असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. 'वर्ण्य', म्हणजे वर्ण सुधारणारी, द्रव्येही याच ग्रंथांत आहेत आणि काव्यांतल्या नायिका सोन्यासारख्या उजळ आहेत. पण वैद्याने निदान करताना रंग आणि आरोग्य यांची गल्लत केली नाही, एवढे निश्चित म्हणता येते. पुढच्या काळाचा विचार करता हे थोडे नाही.

सुश्रुताने तर त्वचेचे सात थर मोजले आणि भाताच्या दाण्याच्या अपूर्णांकांत त्यांची जाडी सांगितली. सर्वांत वरचा थर 'अवभासिनी', दाण्याच्या अठराव्या भागाएवढा. दुसरा 'लोहिता', तीळ आणि व्यंग यांचे स्थान तो. हा 'व्यंग' म्हणजे चेहऱ्यावरचे काळसर डाग. मराठीत तो शब्द 'वांग' होऊन आजही घराघरांत जिवंत आहे. 'उटणे' हा शब्दही 'उद्वर्तन' या शास्त्रीय संज्ञेचा वंशज. उद्वर्तन म्हणजे चूर्णाने अंग चोळणे. कफ आणि मेद यांवर ते सांगितले आहे. दिवाळीच्या पहाटे आपण आधी तेल लावतो आणि मग उटण्याने ते उतरवतो, तेव्हा कोरड्या आणि तेलकट अशा दोन्ही अंगांचे उपचार एकापाठोपाठ करत असतो.

सोलापूरकरांसाठी आणखी एक ग्रंथ : 'मानसोल्लास'. कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, काळ सुमारे ११२९. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. सोलापूरहून नकाशावर बोट ठेवले तर पूर्वेला फार सरकावे लागत नाही, आणि सोलापूरचा प्रदेश त्या काळी याच सत्तेखाली होता. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाच्या उपभोगांचे वीस अध्याय आहेत. त्यांत स्नान वेगळे, विलेपन वेगळे. अंगाला काय लावावे याचा विचार इथेही ऋतू धरून होतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सावध राहायला हवे : हे राजाचे शरीर आहे. कस्तुरी-चंदनाची यादी वाचून 'आपले पूर्वज असे राहत' म्हणणे चूक होईल. आपले बहुतेकांचे पूर्वज काळ्या रानात ज्वारी काढत होते. ज्वारीच्या कडेला काटेरी करडई पेरायची, जनावरे आत शिरत नाहीत आणि घाण्याला गळितही मिळते, ही रीत. अंगाला लागायचे ते घाण्याचे तेल, तेही असले तर. त्या बायांनी स्वतःची त्वचा कशी पाहिली, हे लिहून ठेवणारा सोमेश्वर त्यांना मिळाला नाही.

आता विसावे शतक. पोलंडमध्ये १८७२ साली जन्मलेल्या हेलेना रुबिनस्टाइनने ऑस्ट्रेलियात मेलबर्नला क्रीमचे दुकान थाटले आणि तिथून लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क गाठले. कोरडी, तेलकट आणि सामान्य अशी त्वचेची वाटणी करून ती ग्राहकांपुढे मांडण्याचे श्रेय सहसा तिला दिले जाते. यामागे निरीक्षण होते, हे मान्य करायला हवे. तैलग्रंथी सर्वांच्या सारख्या नसतात. कपाळ, नाक आणि हनुवटीवर त्या अधिक असतात, म्हणून 'मिश्र' त्वचाही खरीच. पण निरीक्षणाबरोबर हिशेबही होता. सर्वांना एकच मलम चालत असेल तर घरात एकच डबी लागते; तीन प्रकार केले की तीन डब्या विकता येतात. वैद्याच्या परीक्षेतून ऋतू, वय, देश, आहार गळाले आणि उरला तो बाटलीवर छापता येईल एवढा एकच शब्द.

मुंबईत १९१९ मध्ये ई. एस. पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणले. पांढऱ्या, लावताच विरून जाणाऱ्या या क्रीमांनी मराठीला 'स्नो-पावडर' हा जोडशब्द दिला. नटणे-मुरडणे म्हणजे स्नो-पावडर, असे समीकरणच झाले. अशा 'व्हॅनिशिंग' क्रीमांत तेलाचा अंश कमी असतो. चेहरा चकचकीत दिसू नये यासाठी त्यांची घडण. मुंबईच्या दमट, घामट हवेत हे सोयीचे. सोलापूरच्या कोरड्या हिवाळ्यात मात्र फुटलेल्या गालाला त्यांचा फारसा उपयोग नव्हता. जाहिरात मुंबईत ठरली आणि डबी सोलापुरात उघडली गेली. प्रसाधनांच्या बाबतीत हे आजही घडते, फक्त जाहिरात सोलहून येते.

यानंतरचे माझ्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय वर्ष १९७५. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या.

पहिली अमेरिकेत. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्यापुढे एक अडचण होती. सोरायसिसच्या रुग्णांना औषध देऊन अतिनील किरणांचा मारा करायचा, पण मात्रा किती? केसांचा आणि डोळ्यांचा रंग पाहून मात्रा ठरवली, तर काही रुग्ण भाजून निघाले. मग त्यांनी रुग्णालाच विचारले : उन्हाळ्याच्या आरंभी पहिल्यांदा ऊन खाल्ले की तुमची कातडी भाजते की रापते? उत्तरांवरून चार प्रकार ठरले. ते चारही गोऱ्या त्वचेचे. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. म्हणजे गोऱ्यांची चौकशी त्वचेच्या वागणुकीवरून, बाकी जगाची रंगावरून. भारतीयांना आज साधारण चौथ्या ते सहाव्या प्रकारात बसवतात. पण एकाच घरातल्या तीन बहिणी उन्हात तीन तऱ्हांनी वागतात, हे आपल्याला ठाऊक आहे. औषधाची मात्रा ठरवण्यासाठी काढलेली ही मोजपट्टी पुढे माणसांच्या रंगाची मोजपट्टी म्हणूनच वापरली जाऊ लागली.

दुसरी गोष्ट भारतात. हिंदुस्तान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' विकायला सुरुवात केली. आता 'तुमची त्वचा कोणत्या प्रकारची' हा प्रश्नच मागे पडला. सर्व त्वचांचे दोनच प्रकार उरले : गोरी, आणि अजून गोरी न झालेली. चरकाने प्रकृत म्हटलेले कृष्ण आणि श्याम वर्ण डबीवरच्या चित्रमालिकेत 'आधी'च्या बाजूला गेले. ते नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले, तेही अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर आल्यानंतर.

तिसरी गोष्ट मराठी उद्योगाची. केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत १९५२ साली उभ्या केलेल्या विकोने हळदीचे क्रीम आणले. हे औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी दीर्घ न्यायालयीन वाद झाला आणि अखेर ते औषध ठरले. करापुरता का होईना, हळदीचा जुना दर्जा कायम राहिला.

हे सगळे कशासाठी सांगायचे? कारण कप्पे चुकले की इजा होते. चेहरा उजळावा म्हणून औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते, काहींत त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोनही. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळतो, पुरळ मावळते. नंतर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागते, मुरूम उसळतात. मलम थांबवले की चेहरा लाल होऊन भगभगतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. मग दुकानात सांगितले जाते, "तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे." ती जन्मतः तशी नव्हती, डबीने तशी केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. कायदा आहे, काउंटरवर तो कितपत पोहोचला, ते तुम्ही स्वतः पाहू शकता.

आणि 'नैसर्गिक' म्हणून सारे निर्धोक असेही नाही. पुन्हा पंढरपूर. वर्षानुवर्षांचे दह्या-मधाचे अभिषेक आणि लक्षावधी हातांचा स्पर्श यांनी विठ्ठलमूर्तीची झीज झाली. १९८८ पासून तिला वेळोवेळी वज्रलेप द्यावा लागला आहे. २०२० च्या जूनमध्ये पुरातत्त्व खात्याने तो पुन्हा केला. अभिषेकांवरही मर्यादा आल्या. दगडाची ही कथा. प्रक्षाळपूजेतली लिंबू-साखर वर्षातून मोजक्या वेळा आणि पाषाणाच्या पायांना असते. इन्स्टाग्रामवर ती रोज गालांना चोळायला सांगतात. लिंबाच्या आम्लाने त्वचा चुरचुरते, सोलवटते, आणि सावळ्या त्वचेवर अशा प्रत्येक इजेचा काळा डाग मागे राहतो.

मग आपला प्रकार ओळखायचा कसा? दोन्ही रीतींतले घेण्यासारखे घ्यावे. सौम्य साबणाने चेहरा धुऊन टिपा आणि तासभर काहीही लावू नका. सगळीकडे ताण जाणवला, पापुद्रे दिसले तर कोरडी. सगळीकडे चकाकी आली तर तेलकट. नुसत्या कपाळा-नाकावर आली तर मिश्र. जळजळ वा लाली असेल तर संवेदनशील. ही आधुनिक परीक्षा. आता तिला वाग्भटाची जोड द्या : हीच परीक्षा जानेवारीत करा आणि मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, पुन्हा करा. उत्तर बदलले तर डबीही बदला. सोलापूरच्या हिवाळ्यात दाट क्रीम, ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली किंवा चक्क खोबरेल, तेही अंघोळीनंतर अंग किंचित ओले असताना. त्वचा तेलकट आणि मुरुमांची असेल तर चेहऱ्याला तेल टाळून पातळ जेल. उन्हाळ्यात सनस्क्रीन, आणि त्याहून आधी टोपी किंवा ओढणी. नवे काही आणले तर आधी हाताच्या आतल्या बाजूला दोन-चार दिवस लावून पाहा. वांग, चट्टे किंवा मलमाने झालेली लाली असेल तर दुकानदाराला विचारण्याऐवजी सिव्हिलच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचातज्ज्ञांकडे जा, आणि जाताना लावत असलेली डबी बरोबर न्या.

शेवटी एक विनंती. सोलापुरात मराठीतले उटणे, कन्नड घरांतले एण्णे आणि पद्मशाली घरांतला तेलुगू 'नलुगु' एकाच गल्लीत नांदतात. तुमच्या घरी अंगाला काय लावत, कोणत्या महिन्यात, आणि त्याला नाव काय होते, हे आजीला विचारून खाली लिहा. अशा नोंदी कोणत्याही संहितेत सापडत नाहीत. पुढचा धागा तुम्ही पाठवलेल्या शब्दांवर करू.